उजवी बाजू

२०२० चा एप्रिल. आत्या मार्चमध्ये आठ दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे पुण्याला आली आणि लॉकडाऊन लागला, एसटी बंद, रेल्वे बंद, मिरजेला परत जायचा काही मार्गच नाही, मग ती आमच्याकडेच राहिली ती थेट जूनपर्यंत. टीव्हीवर दूरदर्शनचं जुनं रामायण परत लागत होतं आणि आत्या सकाळ-रात्र दोन्ही वेळा न चुकता बघायची. १८ एप्रिलला शनिवारी ते संपणार होतं. त्याच दिवशी सकाळी मला एका मैत्रिणीचा मेसेज आला की 'द फँटम ऑफ द ऑपेरा' या इंग्रजी म्युझिकलचं रॉयल अल्बर्ट हॉलमधलं रेकॉर्डिंग यूट्यूबवर फुकट टाकलंय, फक्त ४८ तासांसाठी, आज नाही बघितलंस तर गेलं. त्याचा संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर, त्याच्या लोकांनी तेव्हा नाटकांची थिएटरं बंद म्हणून दर आठवड्याला एक म्युझिकल असं दाखवायला सुरुवात केली होती.

मी आत्याला म्हटलं, आत्या हे आपल्या संगीत नाटकासारखंच आहे, फक्त इंग्रजीत. तिने एवढंच विचारलं, "गाणारे चांगले आहेत का?" म्हटलं आहेत. "मग लाव."

आत्याचं थोडं सांगायला हवं, कारण मी हे सगळं लिहितेय ते तिच्यामुळेच. तिच्या चेहऱ्याची उजवी बाजू भाजलेली आहे. १९७९ साली, ती १९ वर्षांची असताना, पंपाच्या स्टोव्हला पिन मारताना भडका उडाला. उजवा गाल, कान, मान आणि थोडी हनुवटी. डोळा वाचला. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये आत्या डाव्या अंगाने उभी आहे, उजव्या खांद्यावरून पदर असा वर घेतलेला की गाल अर्धा झाकला जाईल, आणि तिला तसं उभं राहायला कुणी सांगायचं नाही, तिची तीच फिरायची. लहानपणी मला वाटायचं की आत्याची फोटो काढायची ती स्टाइल आहे.

तर नाटक सुरू झालं आणि फँटमचा मुखवटा दिसला. तो अर्धाच असतो. पोस्टरवर पूर्ण चेहऱ्याचा आहे, पण पूर्ण मुखवटा लावून गाणं अवघड, म्हणून डिझायनर मारिया ब्यॉर्नसनने स्टेजसाठी अर्धा केला, आणि तो उजव्या बाजूला. मी आत्याकडे बघायचं टाळलं. ती टीव्हीकडे बघत होती.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. पॅरिसचं ऑपेरा हाऊस, एकोणिसावं शतक. ख्रिस्तीन ही कोरसमधली पोरगी, वडील व्हायोलिन वाजवायचे, ते वारले, जाताना सांगून गेले की मी वरून तुझ्यासाठी संगीताचा देवदूत पाठवीन. मग तिच्या ड्रेसिंग रूममध्ये आरशामागून एक आवाज तिला गाणं शिकवायला लागतो आणि तिला वाटतं, हाच तो देवदूत. तो असतो ऑपेराच्या तळघरात राहणारा एक विद्रूप चेहऱ्याचा, अफाट बुद्धीचा माणूस, हाच फँटम. तो तिच्यात इतका गुंततो की तिला नायिकेची भूमिका मिळावी म्हणून मॅनेजरांना धमक्या देतो, खून करतो, झुंबर पाडतो. तळघरात त्याने तिच्यासारखी हुबेहूब एक बाहुली करून ठेवलीय, नवरीच्या पोशाखातली. ती बाहुली हलली आणि ख्रिस्तीन चक्कर येऊन पडली तेव्हा आत्या एकदम म्हणाली, "हा माणूस बरोबर नाही." तोपर्यंत ती नुसती गाण्याला दाद देत होती.

आणि गाणं खरंच दाद द्यावी असंच होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये नाटकाला २५ वर्षं झाली म्हणून लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तीन प्रयोग केले, गाणारे-वाजवणारे मिळून दोनशेच्या वर माणसं, आणि २ तारखेचा प्रयोग थेट जगभरच्या सिनेमागृहांत दाखवला. फँटम झालेला रामिन करीमलू आणि ख्रिस्तीन झालेली सिएरा बॉगेस. रामिनचा जन्म १९७८ चा, तेहरानचा. इराणमध्ये क्रांती झाली, घरच्यांनी देश सोडला, पोरगा कॅनडात वाढला आणि बारा वर्षांचा असताना टोरंटोत हेच नाटक बघून त्याच्या डोक्यात बसलं की आपण हे करायचं. पुढे त्याने लंडनमध्ये आधी राऊल केला, म्हणजे नायिकेचा तरणाबांड उमराव प्रियकर, आणि मग २००७ पासून फँटम. स्वतःचं नाव बदललं नाही, सोपं केलं नाही. श्रेयनामावलीत ते इराणी नाव सगळ्यात वर वाचताना मला उगाचच भरून आलं, म्हणजे उगाच नाही, आपल्याकडची किती मुलं परदेशात नाव तोडून घेतात ते मी बघितलंय.

पण यात अजून एक गोष्ट आहे, जी मला नंतर मूळ कादंबरी वाचल्यावर कळली आणि मग बरेच दिवस डोक्यातून गेली नाही. गास्तों लरूची ही कादंबरी १९०९-१० मध्ये पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात क्रमशः आली. तिच्यात एक माणूस आहे, सगळे त्याला नुसतं 'पर्शियन' म्हणतात. इराणच्या शहाकडचा जुना पोलीस अधिकारी, फँटमला त्या काळापासून ओळखणारा, एकदा त्याचा जीव वाचवलेला. शेवटी तळघरात राऊलला वाट दाखवत नेणारा हाच आणि शेवटची बरीच हकीकतही आपल्याला त्याच्याच तोंडून कळते. गोष्टीतला सगळ्यात शहाणा माणूस म्हटलं तरी चालेल. म्युझिकल करताना तो काढून टाकला. त्याचं काम नृत्यशिक्षिका मादाम जिरीकडे दिलं. मग नाटकात इराणचं काय उरलं? मादाम जिरीच्या तोंडी शहासाठी बांधलेल्या आरशांच्या भुलभुलैयाचा एक ओझरता उल्लेख, आणि सुरुवातीच्या लिलावातली ती म्युझिक बॉक्स. तिच्यावर झांजा वाजवणारं एक माकड बसलंय आणि त्या माकडाच्या अंगात पर्शियन झगा आहे. अख्ख्या नाटकात स्टेजवर दिसणारी इराणची खूण म्हणजे ते माकड.

आणि नाटकाच्या शेवटी, सगळे निघून गेल्यावर, तेहरानला जन्मलेला एक माणूस त्या माकडासमोर एकटा बसतो आणि त्याच्या सुरावर हळूच गातो. त्या दिवशी ज्यांनी रामिनला उभं केलं त्यांच्या मनात हे असेल असं मला अजिबात वाटत नाही. त्यांनी आवाज बघितला, ताकद बघितली. पण कुणाला कुठे उभं करायचं हे बदललं की जुन्या नाटकातल्या वस्तूसुद्धा वेगळं बोलायला लागतात, ते असं. (भारताचा उल्लेखही कादंबरीत आहे, फँटम आपल्या देशात राहून गळफास टाकायची विद्या शिकला म्हणे, तिला 'पंजाबचा फास' असं नाव दिलंय. पूर्वेकडून आणलं काय, तर फास आणि छळायची यंत्रं.)

आता मुखवटा निघतो तो प्रसंग. पहिल्यांदा ख्रिस्तीन तो ओढते तेव्हा आपल्याला काही दिसत नाही, फँटम चेहरा हाताने झाकून जमिनीवर सरपटतो. दुसऱ्यांदा मात्र भर प्रयोगात, सगळ्या लोकांसमोर, मुखवटा आणि केसांचा टोप दोन्ही जातं. थिएटरमध्ये मागच्या रांगेतून तो चेहरा म्हणजे लांबून एक लालसर डाग असेल. मूळचा मेकअप ख्रिस्तोफर टकरने १९८६ मध्ये त्या अंतरासाठीच केलेला. पण इथे कॅमेरा होता आणि कॅमेरा जवळ गेला. ओठ एका बाजूला ओढलेला, गालाचं मांस उघडं, डोक्यावर भेगा, आणि या सगळ्याच्या मधून रामिनचे ते डोळे, मार खाल्लेल्या पोरासारखे.

आमच्या ४३ इंची टीव्हीवर तो चेहरा भिंतभर झाला आणि खोलीत कुणी काही बोलेना. आई उगाचच उठून स्वयंपाकघरात गेली.

आत्या थोडं पुढे झुकून, नीट निरखून बघत होती. गाल, मग कान, मग मान. तिने ते असं बघितलं जसं सुगरण बाई दुसरीने केलेली पुरणपोळी बघते. मग म्हणाली, "कानाजवळ चुकलंय. तिथे कातडी अशी ओढत नाही." आणि थोड्या वेळाने, आवाज न बदलता, "हे त्याला रात्री काढता येत असेल ना?"

मी हो म्हटलं. तिने मान हलवली आणि पुढचं बघायला लागली.

शेवटी फँटम राऊलच्या गळ्यात फास अडकवून ख्रिस्तीनला सांगतो, माझ्याबरोबर राहा नाहीतर हा मेला. ती त्याला म्हणते की मला तुझ्या चेहऱ्याची भीती राहिलेली नाही, विद्रूप आहे तो तुझा आत्मा. आणि मग त्याला जवळ घेते. त्याच्या आयुष्यातला तो पहिला स्पर्श. तो कोसळतो, दोघांना सोडून देतो. मी रडत होते. आई दारातून बघून रडत होती. आत्या रडली नाही. ती म्हणाली, "त्याचा चेहरा खराब होता म्हणून तो असा झाला, असंच सांगायचंय ना यांना?" मी काहीतरी सांगायला लागले की तसं नाही गं, ती म्हणतेय ना की चेहऱ्यात काही नाही. "ती म्हणतेय गं. पण नाटक तसं म्हणत नाही. चेहरा चांगला असता तर हे नाटक झालं असतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नीट देता येत नाही.

त्या रात्री मी झोपले नाही, कारण माझ्या डोक्यात हिंगणघाट होतं. आठवतंय ना, त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला, जेमतेम अडीच महिन्यांपूर्वी. कॉलेजात शिकवणारी मुलगी सकाळी बसमधून उतरून चालत निघालेली आणि एकाने अंगावर पेट्रोल टाकून पेटवलं. सात दिवसांनी, १० फेब्रुवारीला ती गेली. तो तिच्याच गावचा, ओळखीचा, लग्न झालेला माणूस. सगळ्या पेपरांत तेच दोन शब्द, 'एकतर्फी प्रेमातून'. २०१३ च्या मे महिन्यात वांद्रे टर्मिनसवर, नौदलाच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू व्हायला दिल्लीहून आलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर ॲसिड टाकलं गेलं, टाकणारा तिचा शेजारी, तिच्या मागावर दिल्लीहून त्याच गाडीने आलेला. महिनाभराने तीही गेली. त्याच वर्षी कायद्यात ॲसिड हल्ल्यासाठी वेगळं कलम आलं, सुप्रीम कोर्टाने विक्रीवर बंधनं घातली, आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांचा समावेश झाला. कायदा आला ते चांगलंच झालं, पण तो शब्द तसाच राहिला, एकतर्फी प्रेम, जणू ते प्रेमच आहे, फक्त एक बाजू कमी पडली.

तर मला त्या रात्री काय लख्ख दिसलं ते सांगते. खऱ्या आयुष्यात वेड लागल्यासारखा मागे लागणाऱ्या माणसाचा चेहरा अगदी व्यवस्थित असतो. साधा, चारचौघांसारखा, दाढी केलेला, शर्ट इन केलेला. आणि भाजका चेहरा असतो तो तिचा. ज्या बाईने फक्त नाही म्हटलं तिचा. नाटकाने ही अदलाबदल केलीय. जखम काढून ती मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर लावलीय आणि मार खाणारीला गुलाबी, निर्मळ ठेवलंय. आपण तीन तास त्याच्या जखमेसाठी रडतो. आणि घरी गेल्यावर बसमध्ये समोर भाजलेल्या चेहऱ्याची बाई बसली की नजर फिरवतो.

मी फँटमचा तिरस्कार करावा असं म्हणत नाहीये. रामिनने जे केलंय ते बघून तिरस्कार करताच येत नाही, त्याचे हात कापत असतात, ती जवळ आली की स्पर्श करायला हात पुढे येतो आणि हवेतच थांबतो, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तो एवढासा हात थांबलेला कॅमेऱ्याने पकडलाय. पण दया आणि भीती, भाजलेल्या चेहऱ्याला या दोनच गोष्टी मिळणार का?

आता त्या दुसऱ्या बदलाबद्दल, म्हणजे कुणाला कुठली भूमिका द्यायची त्याबद्दल, कारण मला त्याचा मनापासून आनंद आहे आणि तो कुठेही कमी करायचा नाही. १९९० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट गियोम हा कृष्णवर्णीय नट फँटम झाला. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मात्र असा फँटम, नॉर्म लुईस, यायला २०१४ उजाडलं. २०१६ मध्ये अली इवोल्ट ही फिलिपिनो मुळांची मुलगी ब्रॉडवेवर ख्रिस्तीन झाली. लंडनला नाटक १९८६ ला सुरू झालं आणि पहिली कृष्णवर्णीय ख्रिस्तीन, लूसी सेंट लुईस, आली २०२१ मध्ये, कोविडनंतर थिएटर उघडलं तेव्हा. ३५ वर्षं लागली. ब्रॉडवेवर एमिली कुआचू त्याच सुमाराला. मग २०२३ च्या एप्रिलमध्ये १३,९८१ प्रयोग होऊन ब्रॉडवेवरचं नाटक थांबलं, म्हणजे बघा किती उशिरा, अगदी दार बंद व्हायच्या वेळेला दार उघडलं.

आणि हे नुसतं रंग मोजणं नाही. शेवटी मशाली घेऊन जमाव तळघरात खुन्याला शोधत उतरतो ना, अमेरिकेत तो जमाव नॉर्म लुईसच्या मागे धावतो तेव्हा ती गोष्ट नुसती पॅरिसच्या ऑपेराची राहत नाही, तिथल्या प्रेक्षकाच्या आजोबा-पणजोबांच्या, जमावाने कृष्णवर्णीयांना मारल्याच्या आठवणी त्यात येतात. लूसीची ख्रिस्तीन आरशात बघते आणि आतून एक पुरुषाचा आवाज सांगतो की तुझा आवाज मी घडवला, तू माझी, तेव्हा मालकी हा शब्द वेगळाच टोचतो. काही लोक म्हणाले की एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये असं कुठे होतं, हे खरं वाटत नाही. मला हे म्हणणं कळत नाही. तळ्याच्या पाण्यातून पेटलेल्या मेणबत्त्या वर येतात ते खरं वाटतं? आपल्या आज्या-पणज्या बालगंधर्वांना शालू नेसून गाताना बघत होत्या आणि त्यांच्यासारखं नेसत होत्या, त्यांच्यासारखा गजरा माळत होत्या. प्रेक्षकाचा डोळा सवयीचा असतो, एवढंच. सवय लावली की लागते.

मग मला वाटतं, हीच सवय चेहऱ्याच्या बाबतीत का नाही?

रंगाचं दार उघडलं, देशाचं उघडलं, चांगलं झालं. पण रामिन काय, नॉर्म काय, रॉबर्ट काय, सगळ्यांनी तो चेहरा मेकअपच्या टेबलावर बसून लावला. भाजलेला, फाटलेल्या ओठाचा, गाठी असलेला खरा चेहरा कुठेच नाही, ज्या नाटकाची सगळी गोष्टच चेहऱ्याची आहे त्यातसुद्धा. असे नट नाहीत म्हणावं तर ब्रिटनचा ॲडम पिअरसन आहे, चेहऱ्यावर गाठी येणारा आजार असलेला, सिनेमांतून नेटाने काम करतोय. २०१८ मध्ये ब्रिटनच्या 'चेंजिंग फेसेस' या संस्थेने मोहीमच काढली की आम्ही तुमचे खलनायक नाही, आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाहीर केलं की चेहऱ्यावरचे व्रण म्हणजे दुष्टपणा असं दाखवणाऱ्या सिनेमांना आम्ही पैसे देणार नाही.

हे मी दुसऱ्या दिवशी आत्याला वाचून दाखवलं. आम्ही भाजी निवडत होतो, चवळी होती. ती म्हणाली, "आणि आपल्या ललिताबाई?"

मला क्षणभर कळेना. मग कळलं. रामायणातली मंथरा. आदल्याच रात्री संपलेल्या रामायणातली. ललिता पवार मुळात नायिका होत्या, देखण्या, गाणाऱ्या. १९४२ मध्ये एका शूटिंगला सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला लकवा आला, डावा डोळा अधू झाला, तीन वर्षं उपचार. आणि परत आल्या त्या नायिका म्हणून नाहीतच. तो बारीक झालेला डोळा मग चाळीस वर्षं खाष्ट सासूचा, कपटी बाईचा डोळा झाला. प्रेमळ घरमालकीण मिसेस डिसा करून त्यांनी फिल्मफेअर मिळवलं तरी लोकांना आठवते ती सासू आणि मंथरा. त्यांची अभिनयाची ताकद मोठी होती म्हणून त्यांनी त्या डोळ्याचं सोनं केलं, पण तो डोळा दुष्ट आहे हे ठरवलं कुणी? कुबड आलं की मंथरा, लंगडला की शकुनी. आणि आपण ज्या गोष्टीने मुलांना शिकवतो की शरीर बघू नका, ती अष्टावक्राची, तिच्यात तरी काय? जनकाच्या सभेत त्याचं वाकडं अंग बघून पंडित हसले तेव्हा तो म्हणाला, मला वाटलं विद्वानांची सभा आहे, इथे तर सगळे चांभार, कातडं बघणारे. एका अपमानातून सुटायला दुसऱ्याचा अपमान. ही गोष्ट मी शाळेत गोष्टकथन स्पर्धेत सांगून बक्षीस घेतलंय. आता ती माझ्याच्याने सांगवत नाही.

आत्याने त्या दिवशी मला एक गोष्ट सांगितली, जी घरात मला तोपर्यंत कुणी सांगितली नव्हती. अपघाताआधी ती गाणं शिकत होती, गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा झालेली, विशारदची तयारी. गळा भाजला नव्हता, मान भाजली होती, आवाज तसाच होता. बाईंनी शिकवणी थांबवली नाही, उलट फी घेणं बंद केलं. दोन वर्षांनी एका गणेश मंडळाचे लोक घरी आले, नाट्यगीतांचा कार्यक्रम होता. म्हणाले, ताई तुम्हीच गा, तुमच्यासारखा गळा गावात नाही, फक्त एवढंच की लहान मुलं असतात समोर, तर तुम्ही मागे बसून गा, पुढे आम्ही दुसरी मुलगी बसवतो, ती नुसते ओठ हलवेल.

"मग?"

"मग काय, गायले. एकवीस वर्षांची होते, गायला मिळतंय हेच खूप होतं. पडद्यामागे पेटीवाला, तबलजी आणि मी. पुढे त्या मुलीला वन्समोअर मिळाला. नारळ आणि शाल पण तिलाच." चवळीची शेंग मोडून तिने पातेल्यात टाकली. "चांगली होती बिचारी, घरी आणून दिली मला शाल. पण मग मी परत नाही गेले."

आरशामागचा आवाज आणि पुढे सुंदर मुलगी. फँटमने ख्रिस्तीनला जे केलं ते सगळं इथे होतं, फक्त आरशामागे होती ती कुणाच्या मागे लागली नाही, कुणाला फास लावला नाही, झुंबर पाडलं नाही. पुढे तिने एका शाळेत संगीत शिक्षिकेसाठी अर्ज केला तर मुलं घाबरतील म्हणून नाही म्हणाले. मग तिला एका ऑफिसात नोकरी लागली, तिथे रेकॉर्ड रूममध्ये बसवलं, ३१ वर्षं फायली लावल्या, रिटायर झाली, आणि रोज पहाटे पाचला तानपुऱ्याचं ॲप लावून भटियार गाते, तिच्या फ्लॅटच्या खालचे लोक खिडकी उघडी ठेवतात म्हणे.

म्हणून मला फँटमच्या भूमिकेत खऱ्या भाजक्या चेहऱ्याचा माणूस बघायची तशी घाई नाही. ते झालं तर होऊ दे, पण तेवढ्याने परत तेच होईल, जखम म्हणजे तळघर. मला ख्रिस्तीन बघायची आहे, उजवा गाल भाजलेली. कुणी त्याबद्दल स्टेजवर एक अक्षर न बोलता. ती नायिका आहे कारण ती वरचा सूर स्वच्छ लावते, आणि तिच्यावर राऊल जीव टाकतो, आणि ती फँटमच्या चेहऱ्याला हात लावते तेव्हा तिला माहीत असतं ती कातडी कशी लागते हाताला. किंवा ऑपेराची मुख्य गायिका, ती ठसक्यातली प्रिमादोन्ना कार्लोटा, नखरे करणारी, सगळ्यांना झापणारी. आत्याला मी हे म्हटलं तेव्हा ती म्हणाली की कार्लोटा चालेल, मजा आहे त्या बाईची.

मार्च २०२५ मध्ये हे नाटक खरंच मुंबईत आलं, बीकेसीला, एनएमएसीसीच्या (नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर) ग्रँड थिएटरमध्ये. तिकिटं महाग होती, मी दोन काढली. आत्या मिरजेहून आली, इरकल नेसून. लिफ्टमध्ये एका चार-पाच वर्षांच्या मुलीने तिला विचारलं, आजी तुला काय झालं, आणि तिची आई कानकोंडी झाली, तेव्हा आत्या वाकून म्हणाली, "स्टोव्ह. तू गॅसजवळ जायचं नाही हं." मुलीने मान हलवली आणि मग त्या दोघी आत्याच्या बांगड्यांबद्दल बोलत वर गेल्या. लंडनच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये झुंबर पडत नाही, नुसत्या ठिणग्या उडतात, इथे डोक्यावरून खाली आलं तेव्हा आत्याने माझा हात घट्ट धरला. मुखवटा निघाला तेव्हा मात्र आमच्या सीटवरून फारसं काही दिसलं नाही, लांबून एक लालसर डाग.

दादरला जायला कॅब केली. कलानगरच्या सिग्नलला बराच वेळ अडकलो. आत्या खिडकीशी बसून त्या माकडाची धून गुणगुणत होती, तिने ती मनातल्या मनात सरगममध्ये बसवून टाकली होती.

मध्येच थांबून म्हणाली, "तो मेकअप काढायला किती वेळ लागतो गं त्यांना?"

मला माहीत होतं, वाचलं होतं. लावायला दोन तास, काढायला अर्धा तास.

"म्हणजे आत्ता बसला असेल काढत," ती म्हणाली. मग घड्याळात बघितलं. "घरी जाऊन जेवायला बारा वाजतील त्याला."